दहाच्या आधीचा तेरा

आक्कांची आणि माझी ओळख भांडणानेच झाली. म्हणजे भांडल्या त्या नाहीत, मी भांडले, तेही मनातल्या मनात. नोकरीचा पहिला दिवस होता. रावेतहून निघून, तळवड्याच्या चौकात कंटेनरच्या मागे अडकून, इंद्रायणीचा पूल ओलांडून मी कशीबशी महाळुंग्याला पोचले, आणि या बाई मला बस म्हणायच्या आधी म्हणाल्या, "ही फाईल घे. काय हाय ह्यात, सांग."

मी आपली सवयीने डबल क्लिक केली. पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कुठल्या मुलखातली कोण जाणे अशी अक्षरं. "फाईल खराब आहे," मी म्हणाले. आक्का खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडे वळल्या. "फाईल चांगली हाय. तू अक्षरं म्हनून वाचायला गेलीस. ह्यात अक्षरं न्हाईतच, नुसतं आकडं हायती. जे न्हाई ते दिसंल कसं?" मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली, आणि ही गावाकडचं बोलणारी बाई मला शिकवणार, म्हणून माझं डोकं फिरलं. त्याही संख्याशास्त्रातच एम.एस्सी. होत्या, पुण्याहून, माझ्या जन्माच्या आसपास. हे मागाहून कळलं तेव्हा राग गेला नाही, उलट वाढला.

आमची लॅब म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांचा छळ करायची जागा. ब्रॅकेट, स्प्रिंगा, बुश, जे येईल ते यंत्रावर बांधायचं आणि दिवसच्या दिवस हादरवत ठेवायचं, तुटतं का बघायचं. त्या यंत्राला आम्ही रिग म्हणतो. भागावर किती ताण आला, हे रिग सेकंदात कितीतरी वेळा मोजते आणि फाईलमध्ये टाकत जाते. अक्षरांत लिहीत बसायला तिला सवड नसते, म्हणून ती शून्य ते दोनशे पंचावन्न अशा आकड्यांची नुसती ओळ लावते. बायनरी फाईल म्हणतात ती हीच. तिच्यात स्वल्पविराम नाही, रकाना नाही, कुठे थांबायचं याची खूण नाही. कुठले दोन आकडे मिळून एक माप होतं, कुठले चार मिळून, आणि ते कुठल्या टोकाकडून लावायचे, हे ठाऊक असेल तरच हाती काही लागतं. तारीख कोणी दिवसापासून लिहितं, कोणी वर्षापासून, तसंच. आक्का हे सगळं 'आर' नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत करायच्या. ती खरं तर संख्याशास्त्रवाल्यांची भाषा, असली कामं तिच्यात करायची असतात का, यावरून त्यांचं आणि आय.टी.वाल्यांचं जन्माचं वाकडं होतं.

आक्का महाळुंग्याच्याच. "ते पार्किंग हाय न्हवं, तितं आमची बाजरी हुती," असं नव्या माणसाला सांगायच्या, तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं. अंगावर सुती साडी, पायांत पोलादी टोकाचे सेफ्टी शूज, आणि शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या हॉलमध्ये, घालायचा चष्मा कायम केसांत खोचलेला. परदेशी कस्टमर आला की इंग्रजी चोख बोलायच्या, पण मराठीत आल्या की व्हय आणि न्हाई. शहरी मराठी त्यांना येत नव्हती असं नाही, त्यांना ती लागत नव्हती.

आलेख काढलेला त्यांना खपायचा नाही. आमच्यासारखे लोक फाईल मिळाली की पहिल्यांदा तिचं चित्र काढतात, वर-खाली जाणारी रेघ बघतात आणि मान डोलावतात. आक्का म्हणायच्या, "चित्र मागनं. आदी आकडं वाच." मग फाईलचे सुरुवातीचे आकडे मोठ्याने वाचायला लावायच्या. शेजारच्या हॉलमध्ये रिगांची धडधड चाललेली आणि इकडे मी पाढे म्हणावेत तशी आकडे म्हणते आहे. माझ्या आधीचे दोघं याच कारणाने सोडून गेले होते म्हणे, आणि मला त्यात नवल वाटलं नाही.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे परत वाचणं. प्रोग्रामने फाईल लिहिली की लगेच ती पुन्हा वाचायची, जे लिहायचं होतं त्याच्याशी ताडायची, आणि तंतोतंत जुळली तरच काम झालं म्हणायचं. "लिवलं म्हंजी झालं न्हाई. वाचून दाव." हे कॉम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. कँटीनचा पोऱ्या चहाची ऑर्डर घ्यायचा तर त्यालाही, "काय सांगितलं म्या?"

"चहा, आक्का."

"नुसता चहा?"

"बिनसाखरेचा."

"आता जा."

मुलाला फोनवर सामान सांगायच्या आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायच्या. तो नोकरी करणारा, दाढीमिशा आलेला माणूस, पण बिचारा म्हणायचा. चाकणच्या बाजारात मेथीवाली त्यांना लांबून बघूनच म्हणायची, "दोन जुड्या, कवळ्या, मुळं कापून, झालं का आक्का?"

आणि तिसरं, मूळ फाईलला हात लावायचा नाही. कुणी कितीही शहाणा असो. एकदा एका इंजिनिअरने फाईलमधले दोन-चार वेडेवाकडे आकडे काढून टाकले आणि तीच फाईल जागेवर ठेवली. चुकीचेच होते ते आकडे, सगळ्यांना दिसत होतं. आक्का त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. "नक्कल घे आन् तिचं काय करायचं ते कर. पन जे घडलं ते घडलं तसं ऱ्हायलं पायजे," एवढंच म्हणाल्या होत्या.

आता रफीकभाईंबद्दल सांगायला हवं. ते आमचे रिग ऑपरेटर. तीन पिढ्या चिंचवडमध्ये राहिलेलं घर, वडील फिटर होते, धाकट्या भावाचं तळवड्याला गॅरेज. लॅबमध्ये कंत्राटावर कितीतरी वर्षं काढलेली आणि या वर्षी कायम करतो असं साहेबांनी शब्द दिलेला. साहेब म्हणजे आमचे प्लँट हेड. रफीकभाई कमी बोलायचे, पण आक्कांशी त्यांचं छान जमायचं, आणि ते कसं जमलं याची एक गोष्टच आहे.

लॅबने एक जुनी रिग विकत घेतली होती. तिची फाईल कशी वाचायची हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. आय.टी.वाल्यांनी हात वर केले. आक्का हॉलमध्ये गेल्या आणि रफीकभाईंना म्हणाल्या, "रिग चालू ठिव, पन हलवू नको. मी सांगंन तसं त्या सेन्सरवर बोटानं ठोक. आदी जोरात, मग थांब, मग हळू दोन." रफीकभाईंनी ठोकलं. आक्कांनी फाईल आणली आणि त्या आकड्यांच्या रानात ते ठोके शोधत बसल्या. दोन-दोनाच्या जोड्या लावल्या, काही नाही. चार-चारचे गट लावले, टोक उलटं केलं, आणि एकदम दिसलं. एक उंच, मग शांत, मग दोन बुटके. आक्का पळत हॉलमध्ये गेल्या, सेफ्टी शूज वाजवत. "रफीक, तुजी बोटं घावली बघ फाईलीत." ते दोघं त्या दिवशी लहान पोरांसारखे हसत होते. मला पहिल्यांदाच वाटलं की या बाईकडून शिकायला हवं.

आणि याच बाईने रफीकभाईंना खोटं पाडलं.

झालं असं, की आम्ही तपासलेलं एक ब्रॅकेट कस्टमरकडे ट्रकवर तुटलं. कुणाला इजा झाली नाही, पण ट्रक उभे राहिले, आणि कस्टमरने विचारलं, तुम्ही चाचणी केली होती का? रिपोर्टवर चाचणी पूर्ण झाल्याचं लिहिलेलं होतं, खाली रफीकभाईंची सही. कस्टमर म्हणाला, रिपोर्ट नको, रिगची मूळ फाईल दाखवा. रिगच्या स्वतःच्या डिस्कवर जागा कमी, जुन्या फाईलींवर ती नव्या लिहीत जाते, त्यामुळे तिथली फाईल गेलेली. पण आक्कांचा एक प्रोग्राम रोज फाईली उतरवून आमच्या साठ्यात ठेवायचा. तिथली फाईल साहेबांच्या केबिनमध्ये उघडली. साहेब, क्वालिटीचे दोघं, आक्का, मी आणि दाराशी उभे रफीकभाई.

सुरुवात व्यवस्थित होती. तारीख बरोबर, रिगचा नंबर बरोबर, पहिली काही मापंही बरोबर. त्यानंतर नुसता कचरा. त्या ताणाखाली ब्रॅकेटच काय, रिगसुद्धा उडून गेली असती असले आकडे, मग एकदम शून्याखाली, मग परत आभाळात. आक्कांनी जोड्या बदलून बघितल्या, टोक उलटं करून बघितलं. शेवटी केसांतला चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही चाचनी झालेली न्हाई," त्या म्हणाल्या. "रिग चालू केली, वाईच चालिवली, आन् पुढं फाईल भरलेली दिसावी म्हनून कायतरी कोंबलंय."

रफीकभाई म्हणाले, "आक्का, मी मशीन चालवली. पूर्ण चालवली."

साहेबांनी विचारलं, "फाईल उतरवताना बिघडली असेल का?"

"प्रोग्राम माजा हाय," आक्का म्हणाल्या. "इतकी वर्सं चालतोय. एक आकडा इकडचा तिकडं झाला न्हाई."

रफीकभाई फक्त आक्कांकडे बघत होते. "मी चालवली आहे, आक्का," ते परत म्हणाले. आक्कांनी वर बघितलं नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या.

रफीकभाईंचा गेटपास त्याच दिवशी काढून घेतला. कायम होण्याचं तर सोडाच. आणि या पट्ट्यात बातमी एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जायला वेळ लागत नाही. न चालवलेल्या मशीनवर सही ठोकणारा ऑपरेटर म्हटल्यावर चाकण ते भोसरी कुठलाही कंत्राटदार त्यांना उभा करेना. नोकरी जाते, माणसं दुसरी शोधतात, ते काही इकडे नवीन नाही. पण रफीकभाईंची नोकरी गेली ती नाव घेऊन गेली. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, त्या लोकांच्याही कानावर हे गेलं, असं शॉपमधले लोक सांगत होते.

आक्कांचं वागणं वरून तसंच होतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "आक्का, रफीकभाई असं करतील असं वाटत नाही हो." त्या म्हणाल्या, "मला बी वाटत न्हाई. पन वाटन्याला काय करायचं? फाईलीत दिसतंय ना." मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी मी डबा त्यांच्यासोबत खाल्ला नाही.

मग काही आठवड्यांनी दुसऱ्याच एका कस्टमरने एक जुनी मूळ फाईल मागितली. वेगळा भाग, वेगळी रिग, वेगळा ऑपरेटर. मी उघडली तर तोच प्रकार. सुरुवात चांगली, पुढे कचरा. मी आक्कांना हाक मारली. त्यांनी तारीख बघितली. ब्रॅकेटच्या चाचणीचाच आठवडा होता. त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

जेवणाची सुट्टी झाली, हॉल रिकामा झाला, तरी त्या जागेवरून उठल्या नाहीत. ब्रॅकेटची फाईल त्यांनी पुन्हा घेतली आणि या खेपेला मापं लावलीच नाहीत. शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा प्रत्येक आकडा फाईलमध्ये किती वेळा येतो, आणि कुणाच्या शेजारी कोण येतो, त्याचा तक्ता काढला. संख्याशास्त्रवालीच ती. मग तक्त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्ये बघ. दहा कुटंबी एकला येत न्हाई. त्याच्या आदी तेरा हायच. दर येळी."

मला काही कळेना. त्यांनी समजावलं ते असं. कॉम्प्युटरवर साधं लिखाण ठेवतात तेव्हा ओळ संपल्याची खूण म्हणून दहा हा आकडा असतो. विंडोजची रीत वेगळी, तिथे ओळ संपते तेव्हा तेरा आणि दहा अशी जोडी लागते. म्हणून फाईल लिखाण समजून उतरवली की विंडोज दिसेल त्या दहाच्या आधी स्वतःच्या मनाने एक तेरा घालतं. लिखाणाला त्याने काही होत नाही. पण आमच्या फाईलमधला दहा म्हणजे ओळीचा शेवट नव्हे, तो मोजलेला आकडा. त्याच्या आधी तेरा घुसला की पुढचं सगळं एका घराने सरकतं. शर्टाचं एक बटण चुकलं की खालची सगळी चुकतात, तसं.

"पण हे झालं कुणाकडून?" मी विचारलं.

"माज्याकडनं," आक्का म्हणाल्या.

फाईल उतरवताना ती आकड्यांची आहे, आहे तशी उतरव, असं प्रोग्राममधल्या आज्ञेत सांगावं लागतं. आक्कांनी तो प्रोग्राम लिहिला तेव्हा आमचा सर्व्हर लिनक्सचा होता, विंडोजचा नव्हे. तिथे सांगितलं काय, न सांगितलं काय, फरक पडत नाही. त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. त्या आठवड्यात सर्व्हर बंद पडला, म्हणून तोच प्रोग्राम त्यांनी स्वतःच्या नव्या लॅपटॉपवरून चालवला, आणि तो विंडोजचा. सर्व्हर दुरुस्त होऊन आला, काम परत तिकडे गेलं, झालं. सगळ्या जगाला परत वाचायला लावणाऱ्या आक्कांनी ही एकच गोष्ट परत वाचली नव्हती, कारण ती त्यांची स्वतःची होती.

दुरुस्ती सोपी होती. दर दहाच्या आधीचा एक तेरा काढून टाकायचा. आक्कांनी नक्कल घेतली आणि काढले. रिग प्रत्येक फाईलच्या शेवटी सगळ्या आकड्यांची बेरीज स्वतः लिहून ठेवते, ती बेरीज आता बरोबर जुळली. मग त्यांनी पहिल्यांदाच चित्र काढलं. चाचणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकसारखी, कुठेही न थांबता चाललेली. मी आक्कांकडे बघितलं. त्या रडत नव्हत्या, पण चेहरा पार उतरला होता.

साहेबांना हे पटवायला दोन मीटिंगा लागल्या. ते म्हणाले, "तुम्हीच म्हणता ना, मूळ फाईलला हात लावायचा नाही? मग ही बदललेली फाईल मी कस्टमरला कशी देऊ?" म्हणणं काही खोटं नव्हतं. आक्कांनी एक चांगली फाईल घेतली, सगळ्यांदेखत लॅपटॉपवर तशीच चुकीची उतरवून बिघडवली, मग दुरुस्त केली आणि मूळ फाईलशी ताडून दाखवली. शेवटी साहेब म्हणाले, ठीक आहे, कस्टमरला तांत्रिक अडचण होती असं कळवू, कुणाचं नाव नको. आक्का म्हणाल्या, "का नको? त्याचं नाव घेताना कुनी थांबलं हुतं का? माजं घाला." निवृत्तीनंतर त्यांना दोन वर्षं वाढवून मिळणार होती, तो विषय त्या मीटिंगनंतर परत निघाला नाही. ब्रॅकेट तुटण्याचं कारण पुढे वेगळंच निघालं, बसवताना लावलेल्या बोल्टांची भानगड होती.

शिफ्ट बदलताना, जाणारे आणि येणारे सगळे हॉलमध्ये असताना, आक्का मधोमध उभ्या राहिल्या. रिगांच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं. "रफीकनं चाचनी केली नव्हती, आसं मी म्हनले हुते. ते खोटं हाय. त्यानं केली हुती. फाईल म्या बिघडवली." काही लोकांना नीट ऐकू गेलं नाही, ते काय काय म्हणून विचारायला लागले. आक्का त्यांच्याजवळ गेल्या आणि एकेकाला पुन्हा सांगितलं.

त्यानंतर त्या मला घेऊन तळवड्याला गेल्या. रफीकभाई भावाच्या गॅरेजमध्ये एका टेम्पोखाली आडवे होते. बाहेर आले, आम्हाला बघितलं, आणि रॉकेलच्या डब्यात हात धूत उभे राहिले. भावाने खुर्च्या आणल्या, आक्का बसल्या नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. रफीकभाईंनी ऐकून घेतलं.

"आक्का, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, मशीन चालवली म्हणून?"

"व्हय."

"दोनदा सांगितलं."

"व्हय, दोनदा."

"साहेबांचं मला काही नाही. ते मला ओळखत नाहीत. तुम्ही ओळखत होता." त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी भाऊ मध्ये पडायला पुढे झाला. रफीकभाईंनी त्याला हातानेच थांबवलं. "माझ्यासमोर तुम्ही फाईलला विचारत बसलात. मला एक शब्द विचारला नाही."

आक्का म्हणाल्या, "न्हाई इचारला. चुकलं माजं."

रफीकभाईंनी हात पुसले. "कामावर येतो," ते म्हणाले. "माझं नाव त्या गेटवर गेलं, तिथूनच परत घेणार. पण माझ्याशी बोलायला येऊ नका."

ते आले. लोकांनी त्यांना चहा पाजला, साहेबांनी पाठीवर थाप मारली, आणि ते मान खाली घालून रिगपाशी गेले. आक्कांशी ते बोलले नाहीत. आठवडा नाही, महिना नाही, आक्का निवृत्त होईपर्यंत. मला आधी वाटायचं, ठीक आहे, माणूस दुखावलाय. पुढेपुढे मला त्यांचाच राग यायला लागला. एवढ्या मोठ्या बाईने अख्ख्या हॉलसमोर चूक कबूल केली, गॅरेजमध्ये जाऊन कबूल केली, अजून काय करायचं तिने? एकदा मी हे आक्कांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तू गप. त्याचं हाय ते, त्याला ठिवू दे."

पण त्या बदलल्या. कुठलीही फाईल उघडायच्या आधी उठायच्या, हॉलमध्ये जायच्या आणि ज्याने रिग चालवली त्याला विचारायच्या. कशी चालली, आवाज कसा होता, मध्ये थांबवली का, का थांबवली. ते ऐकून घ्यायचं, मगच आकड्यांकडे वळायचं. मलाही तेच करायला लावलं. रफीकभाईंच्या फाईली मात्र माझ्याकडे दिल्या. त्यांना मी विचारायचे, मला ते नीट उत्तर द्यायचे, आणि मी येऊन आक्कांना सांगायचे. आक्का काचेतून त्यांच्या रिगकडे बघत ऐकायच्या.

निवृत्तीच्या दिवशी वर मीटिंगच्या खोलीत शाल आणि श्रीफळ झालं. साहेब चांगलं बोलले, चूक-बिक काही निघाली नाही. आक्कांचा मुलगा गाडी घेऊन आला होता. रफीकभाई वर आले नाहीत, त्यांची चाचणी चालू होती, आणि चालू चाचणी सोडून येता येत नाही. निदान मी तरी तेच कारण धरलं. केक कापून झाल्यावर आक्का म्हणाल्या, शूज खाली स्टोअरला देऊन येते, आणि जिना उतरून गेल्या. बऱ्याच वेळाने त्या चपला घालून फाटकाकडे जाताना दिसल्या. चपला घातलेल्या आक्का मी कधी बघितल्या नव्हत्या, त्या एकदम लहानखुऱ्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खुर्चीवर मी बसले. पहिलीच फाईल रफीकभाईंच्या रिगची. आकडे वाचत गेले तर आदल्या संध्याकाळच्या जागी ताण एकदम शून्य. काही तुटलेलं नव्हतं, वीज गेलेली नव्हती. काही मिनिटं शून्य, आणि नंतर रिग पुन्हा पहिल्यासारखी सुरू. इतक्या वर्षांत रफीकभाईंनी चालू चाचणी मध्ये थांबवली असं कधी झालं नव्हतं. मी उठले आणि हॉलमध्ये गेले.

"रफीकभाई, काल संध्याकाळी रिग बंद पडली होती का?"

"पडली नाही. मी बंद केली."

"का हो?"

ते पान्याने कसलातरी नट घट्ट करत होते. तो झाल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला.

"आक्का आल्या होत्या," ते म्हणाले. "त्या आवाजात बोलता येत नव्हतं."